शंका-समाधान : दुसऱ्यासाठी पोटात तुटते तेव्हा

मागच्या अंकात बायबलच्या नव्या करारातील, रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायातील पहिल्या तीन वचनांवर एक छोटे टिपण दिले होते. त्या वचनांत पत्राचा लेखक प्रेषित पौल जणू शपथेवर सांगतो की, आपल्या मनाला मोठे दुःख आणि अखंड वेदना आहे, आणि आपल्या जातभाईंसाठी, म्हणजे यहुदी लोकांसाठी, स्वतः शापित होऊन ख्रिस्तापासून तोडले जावे, अशी इच्छाही आपण केली असती. टिपणावर बरीच पत्रे आली. त्यांपैकी पाच पत्रे येथे घेत आहे. लेखकांची नावे त्यांच्या इच्छेवरून गाळली असून पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : सप्रेम सलाम. माझा धाकटा भाऊ गेली बारा वर्षे दारूच्या आहारी गेला आहे. त्याची नोकरी सुटली, भावजय मुलांना घेऊन माहेरी गेली, आणि आता तो आमच्याशी बोलतही नाही. मंडळीच्या बुधवारच्या प्रार्थनासभेत त्याचे नाव घेतले की मला रडू आवरत नाही. मागच्या महिन्यात एका ज्येष्ठ भगिनीने मला बाजूला घेऊन समजावले की, विश्वास ठेवणाऱ्याने ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद’ करायचा असतो. असे रडणे हे अविश्वासाचे लक्षण आहे. खरे सांगायचे तर मला भावाचा रागही तितकाच येतो. कधीकधी वाटते, सगळे सोडून कोठेतरी निघून जावे. माझे रडणे चूक आहे का? — एक भगिनी, भांडुप

उत्तर : सप्रेम सलाम. त्या भगिनींनी सांगितलेले वचन फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातले चौथे वचन आहे. तेथून सातच वचने मागे जा. तिसऱ्या अध्यायाच्या अठराव्या वचनात पौल लिहितो की, ख्रिस्ताच्या वधस्तंभाचे वैरी म्हणून चालणाऱ्या लोकांविषयी मी तुम्हांला पुष्कळदा सांगितले आणि आताही रडत सांगतो. अध्यायांची विभागणी पुष्कळ शतकांनंतर झाली. पत्र पहिल्यांदा मोठ्याने वाचले गेले तेव्हा ऐकणाऱ्यांना हे रडणे आणि हा आनंद एकाच दमात ऐकू आला असणार. तो आनंद सांगणारा माणूस त्या वेळी बंदीत होता, हेही लक्षात घ्यावे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो स्वतःचे वर्णन ‘दुःखी तरी सर्वदा आनंद करणारे’ अशा अर्थाच्या शब्दांत करतो, आणि इफिस येथील मंडळीच्या वडीलजनांचा निरोप घेताना सांगतो की, तीन वर्षे मी रात्रंदिवस आसवे गाळीत तुम्हांला बोध करीत होतो. पौलाला अविश्वासी ठरवायला त्या भगिनी तयार असतील असे मला वाटत नाही.

रोमकरांस पत्रात तर ही गोष्ट अधिकच ठळक आहे. आठव्या अध्यायाचा शेवट आपल्याकडच्या बहुतेक विश्वासणाऱ्यांना पाठ असतो : मरण, जीवन, उंची, खोली, कोणतीही सृष्ट वस्तू आपल्याला देवाच्या प्रीतीपासून वेगळे करू शकणार नाही. त्या वाक्यानंतर लगेचच, मध्ये काहीही न येता, नवव्या अध्यायाची ती वेदना सुरू होते. म्हणजे ज्याने आत्ताच ‘मला कोणीही तोडू शकत नाही’ असे म्हटले, तोच तिसऱ्या वचनात आपल्या लोकांसाठी तोडले जाण्याची भाषा बोलतो. त्याचे दुःख विश्वास डळमळल्यामुळे आलेले नाही. पाय पक्का रोवलेला असल्यामुळेच त्याला एवढे खोल वाकून पाहता आले. आणि ‘अखंड’ म्हणून जो शब्द तेथे आला आहे, त्याच मूळ ग्रीक शब्दाचे रूप ‘निरंतर प्रार्थना करा’ ह्या थेस्सलनीकाकरांस दिलेल्या आज्ञेत आहे. आपण बुधवारी भावाचे नाव घेता आणि रडता; पौलाच्या शब्दकोशात ह्या दोन गोष्टी फार दूरच्या नाहीत.

आता रागाविषयी लिहितो, कारण पत्रातली ती ओळ आपण संकोचाने लिहिली आहे असे जाणवले. जुन्या करारातील यिर्मया ह्या संदेष्ट्याच्या पुस्तकातले, नवव्या अध्यायाचे पहिले वचन प्रसिद्ध आहे : माझे मस्तक जलाशय असते, माझे डोळे आसवांचा झरा असते, तर माझ्या लोकांतील वधलेल्यांसाठी मी रात्रंदिवस रडलो असतो. त्या वचनावर पुष्कळ प्रवचने होतात. दुसऱ्या वचनावर झालेले प्रवचन मी अजून ऐकलेले नाही. त्यात यिर्मया म्हणतो की, रानात वाटसरूंसाठी असते तशी एखादी उतरण्याची जागा मला मिळती तर किती बरे होते. मी ह्या लोकांना सोडून निघून गेलो असतो! हेच ते डोळे आणि हेच ते तोंड. दोन वाक्यांच्या मध्ये कोणी त्याला बाजूला घेऊन समजावले नाही, आणि शास्त्राच्या संपादकांनीही दुसरे वाक्य गाळले नाही.

पुढे काय झाले ते पाहा. सुमारे चाळीस वर्षे त्याने सांगितले आणि लोकांनी ऐकले नाही. इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास यरुशलेम पडले, मंदिर जळले. बाबेलच्या सरदाराने यिर्मयाच्या बेड्या काढल्या आणि त्याला सांगितले की, माझ्याबरोबर बाबेलास आलास तर तुझी नीट काळजी घेईन. नाहीतर तुला वाटेल तेथे जा. निघून जाण्याची इच्छा ज्याने एवढ्या स्पष्टपणे बोलून दाखवली होती, त्याच्यापुढे आता रस्ता मोकळा होता. तो मिस्पा येथे, उरलेल्या गोरगरिबांमध्ये, जाऊन राहिला. चाळिसाव्या अध्यायात हे अवघ्या दोन-तीन वचनांत येते आणि वाचताना सहज निसटते.

आपण रडता म्हणून भाऊ सुधारेलच असे मी लिहिणार नाही. यिर्मयाच्या बाबतीत तसे झाले नाही. एक व्यवहाराची गोष्ट मात्र सांगतो. व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी ‘अल-अनॉन’ ह्या नावाचे गट मुंबईत भरतात, आणि तेथे व्यसनी माणसाने येण्याची अट नसते. आपण तरी जा. प्रार्थनासभेत ज्या गोष्टी बोलता येत नाहीत, त्या तेथे बोलता येतात.

प्रश्न : मी गिरगावातील निवृत्त शिक्षक आहे. येशूला लोकांचा ‘कळवळा आला’ असे मराठी बायबलमध्ये वारंवार येते. हा शब्द भाषांतरकारांनी येथल्या संतवाङ्मयातून उचलला, की मूळ शब्दाचाच अर्थ तसा आहे?

उत्तर : गुरुजी, दोन्ही गोष्टी खऱ्या असाव्यात. ‘बुडते हे जन न देखवे डोळा, येतो कळवळा म्हणऊनि’ ही तुकोबांची ओळ ज्या समाजाच्या कानात होती, त्या समाजासाठी भाषांतर करणाऱ्याला दुसरा शब्द सुचणे कठीण होते. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ना. वा. टिळक म्हणत असत. त्या पुलाचा एक दगड हा शब्द आहे, असे म्हणायला हरकत नाही.

परंतु मूळ शब्द त्याहून अधिक शारीरिक आहे. मत्तय, मार्क आणि लूक ह्यांच्या शुभवर्तमानांत जे ग्रीक क्रियापद येते ते ‘स्प्लांख्निझोमाय’. ‘स्प्लांख्ना’ म्हणजे पोटातले अवयव, आतडी. नव्या करारात हे क्रियापद बारा वेळा येते, आणि बाराही वेळा ह्या तीन पुस्तकांतच. इंग्रजी वाचकाला हे समजावून सांगताना प्रवचनकारांना बराच घाम गाळावा लागतो. मराठी वाचकाला काय समजवायचे? आपण रोज ‘पोटात तुटते’, ‘पोटात कालवते’, ‘आतडे पिळवटते’, ‘आतड्याची माया’ असे बोलतो. यिर्मयाच्या चौथ्या अध्यायात, शहरावर येणारे संकट दिसल्यावर, तो इब्रीमध्ये, म्हणजे जुन्या कराराच्या मूळ भाषेत, अक्षरशः ‘माझी आतडी, माझी आतडी!’ असे ओरडतो. कोकणातल्या किंवा देशावरच्या कोणत्याही आजीला ते वाक्य टिपेशिवाय कळेल.

इब्रीतला दयेचा शब्द ‘रहमीम’ हा तर ‘रेहेम’, म्हणजे गर्भाशय, ह्या शब्दाशी नाते सांगतो. आपण गिरगावात राहता, म्हणजे हा शब्द आपल्यापासून फार लांब नाही. मशीद बंदर स्थानकाजवळ सॅम्युएल स्ट्रीटवर मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल यहुद्यांचे १७९६ साली स्थापन झालेले सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, आहे. त्याचे नाव ‘शार हारहमीम’, दयेचे द्वार. ह्याच समाजात यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक यहुदी पंचांगातील अव महिन्याच्या नवव्या दिवशी उपास करून पाळतात, आणि त्या दिवसाला जुनी माणसे ‘बिरड्याचा सण’ म्हणत आली. हजारो मैलांवरच्या शहरासाठी केलेल्या शोकाला वालाच्या बिरड्याचे नाव मिळावे, हे मला फार मराठी वाटते.

ह्या क्रियापदाचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, त्यानंतर वाक्य सहसा थांबत नाही. जमावाचा कळवळा आला आणि त्यांना जेवू घातले; येशूच्या दाखल्यातल्या शोमरोनी माणसाला वाटेत पडलेल्या जखमीचा कळवळा आला आणि त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या; घर सोडून गेलेला मुलगा परतताना दिसला तेव्हा दाखल्यातल्या बापाला कळवळा आला आणि तो धावला. नाईन गावच्या वेशीवर विधवेच्या एकुलत्या एका मुलाचे प्रेत बाहेर काढले जात असताना येशूने पुढे होऊन तिरडीला हात लावला. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे प्रेताच्या स्पर्शाने माणूस अशुद्ध होत असे, त्यामुळे त्या गर्दीत तो हात लावणे ही लहान गोष्ट नव्हती.

प्रश्न : मी ख्रिस्ती नाही. लालबागला राहतो, महाविद्यालयात शिकतो आणि मित्राच्या घरी तुमचे मासिक वाचतो. पौलाला दुःख कशाचे होते? त्याच्या लोकांनी त्याचे मत मानले नाही, ह्याचेच ना? मग हे दुःख म्हणजे दुसऱ्याला चुकलेला समजणे झाले. आमच्या चाळीत एक बाई ‘तुमच्यासाठी रडून प्रार्थना करते’ असे म्हणतात, तेव्हा मला बरे वाटत नाही. कोणीतरी वरच्या मजल्यावरून खाली पाहत आहे असे वाटते. शिवाय ‘मी शापित झालो तरी चालेल’ ही अतिशयोक्ती नाही का?

उत्तर : आपला प्रश्न चोख आहे आणि तो आमच्याच माणसांनी स्वतःला विचारायला हवा होता. पौलाच्या दुःखाचे कारण आपण म्हणता तेच होते, हे मी झाकणार नाही. ज्याला त्याने मशीहा मानले, त्याला त्याच्या बहुसंख्य बांधवांनी मानले नाही. परंतु तो कोठे उभा राहून रडतो आहे, हे पाहिल्याशिवाय त्या दुःखाची जात ठरवता येत नाही.

तो त्यांच्यातलाच आहे. अब्राहामाच्या संतानातला, बन्यामिनाच्या वंशातला, असे तो अभिमानाने सांगतो. ह्याच लोकांकडून त्याने पाच वेळा एकोणचाळीस-एकोणचाळीस फटके खाल्ले होते. सभास्थानाची ही शिक्षा सभास्थानातल्या माणसालाच होत असे. समाज सोडून दिला असता तर एकही फटका खावा लागला नसता, आणि तरी त्याने समाज सोडला नाही. पुढे अकराव्या अध्यायात तो रोममधल्या यहुदी नसलेल्या ख्रिस्ती लोकांना बजावतो की, तोडलेल्या फांद्यांपुढे तोरा मिरवू नका; तुम्ही मुळाला आधार देत नाही, मूळ तुम्हांला आधार देते. ख्रिस्ती समाजाने पुढे शतकानुशतके यहुदी लोकांशी जे वर्तन केले, ते ह्या एका वाक्याला पायदळी तुडवूनच केले. त्यांच्यासाठी रडणे विसरले गेले आणि ‘ते चुकले’ एवढेच लक्षात राहिले. आपल्याला वरच्या मजल्याची जी शंका आली, तिला इतिहासात भरपूर पुरावा आहे.

शास्त्रात दुसऱ्यांसाठी शोक करणाऱ्यांची प्रार्थना वाचताना सर्वनामाकडे लक्ष द्यावे, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असे. दानीएलाच्या पुस्तकात त्याच्या हातून काही अपराध घडल्याची नोंद नाही; तरी नवव्या अध्यायात गोणपाट नेसून, राख घेऊन तो प्रार्थनेला बसतो तेव्हा ‘त्यांनी पाप केले’ असे म्हणत नाही. ‘आम्ही पाप केले’ असे म्हणतो. नहेम्या शूशन राजवाड्यात राजाचा प्यालेबरदार होता, सुखात होता. यरुशलेमचा कोट पडला आहे, वेशी जळल्या आहेत, हे ऐकून तो खाली बसून रडला, आणि त्याच्या कबुलीत ‘मी आणि माझ्या बापाचे घराणे’ हे शब्द आहेत. त्याने पुढे चार महिन्यांनी राजाकडे रजा मागितली, आणि कोट बावन्न दिवसांत बांधून झाला. कोणी कोणता तुकडा बांधला ह्याची नावनिशीवार यादी तिसऱ्या अध्यायात आहे, तीही शोकाचाच भाग म्हणून वाचावी.

आपल्या भाषेत ह्या बाबतीत एक सोय आहे, जी पुष्कळ भाषांत नाही. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. दानीएल देवाशी बोलत होता, म्हणून मराठीत तेथे ‘आम्ही’ हेच बरोबर. तोच जर लोकांकडे वळून बोलला असता तर त्याला ‘आपण’ म्हणावे लागले असते. आपल्या चाळीतल्या बाईंचे वाक्य ‘तुमच्यासाठी’ ह्या शब्दाने सुरू होते. त्यांच्या मनातले मला ठाऊक नाही आणि त्यांच्या आसवांवर मी संशय घेणार नाही. पण आपल्याला खटकले ते ह्या शब्दात आहे, असे मला वाटते. लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी ‘मी इतर माणसांसारखा नाही’ म्हणून आभार मानतो. त्याने डोळ्यांत पाणी आणून हेच म्हटले असते तरी ती प्रार्थना तीच राहिली असती.

मग परक्यांसाठी शोक नाहीच का? आहे. मवाब हा इस्राएलाचा शेजारी आणि जुना वैरी. त्याच्या नाशाचे भाकीत सांगताना यशयाच्या पुस्तकात ‘माझे मन मवाबासाठी आक्रंदते’ अशा अर्थाची ओळ येते, आणि यिर्मयाही मवाबासाठी विलाप करतो. ह्याच्या उलट योनाचे उदाहरण घ्या. तो निनवे शहरात जातो, सांगायचे ते सांगतो, लोक ऐकतात, आणि त्यांचा नाश टळला म्हणून तो संतापतो. शहराबाहेर मांडव घालून काय होते ते पाहत बसतो. डोक्यावर सावली देणारा वेल सुकल्याचे त्याला अतोनात वाईट वाटते; एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांचे वाटत नाही. आपण म्हणता तो वरचा मजला हाच, आणि शास्त्राने त्यावर एका संदेष्ट्यालाच बसवून दाखवले आहे.

आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर पंडिता रमाबाईंचे देईन. मुंबईत १८८९ साली त्यांनी शारदा सदन काढले, ते पुढे पुण्याला गेले. त्यांच्या कार्याविषयी त्या काळी वादही झाले, ते येथे उकरत नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली व बायका घेऊन केडगावला आल्या. त्यांनी स्वतःचे आईवडील दुष्काळातल्या उपासमारीत गमावले होते आणि स्वतः भुकेने वणवण केली होती. त्या भुकेल्या मुलींकडे पाहण्यासाठी त्यांना कोठूनही खाली उतरावे लागले नाही.

आता अतिशयोक्तीविषयी. पौल शपथेवर बोलतो, त्यामुळे अलंकार म्हणून ते सोडून देता येत नाही. मात्र मूळ क्रियापदाचे रूप असे आहे की, इच्छा ओठांपर्यंत आली आणि तेथेच थांबली, असा भाव त्यातून निघतो. त्याच्या मागे मोशे उभा आहे. लोकांनी सोन्याचे वासरू करून त्याची पूजा केली, त्या प्रसंगानंतर मोशेने देवाला म्हटले की, ह्यांच्या पापाची क्षमा कर. नाहीतर तू लिहिलेल्या पुस्तकातून माझे नाव पुसून टाक. त्याला नकार मिळाला. माणसाला दुसऱ्याच्या जागी असे उभे राहता येत नाही, हे मोशेला कळले आणि पौलाला आधीच ठाऊक होते. ख्रिस्ताने मात्र ते केले, अशी आमची श्रद्धा आहे. ती आपण मानावी असा माझा आग्रह नाही. मोशेचे वाक्य मूळ इब्रीत मध्येच तुटलेले आहे. ‘तू क्षमा केलीस तर —’ एवढे म्हणून पुढचे शब्द त्याला सापडत नाहीत. अलंकार करणारा माणूस वाक्य असे अर्धवट सोडत नाही.

जाता जाता एक आठवण. २००५ सालच्या २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा आपण अगदी लहान असाल किंवा जन्मलाही नसाल. मी त्या संध्याकाळी कुर्ल्याहून शीवकडे कमरेइतक्या पाण्यातून चालत होतो. एका बैठ्या घराच्या दारातून कोणीतरी बिस्किटांचा पुडा आणि पाण्याची बाटली पुढे केली. त्या घरातही पाणी शिरलेले होते. त्या रात्री कोणी कोणाची कीव केल्याचे मला आठवत नाही. सगळेच पाण्यात होते.

प्रश्न : मेलेल्या लाजराला आपण पुन्हा जिवंत करून उठवणार हे येशूला माहीत होते, तर तो रडला कशासाठी? — एक वाचक, बोरिवली

उत्तर : थोडक्यात सांगतो. योहानाच्या अकराव्या अध्यायात लाजराची बहीण मरीया आणि तिच्याबरोबरचे लोक रडतात त्यासाठी एक ग्रीक क्रियापद आहे, ते मोठ्याने शोक करण्याचे. ‘येशू रडला’ येथे दुसरे आहे, ते डोळ्यांतून आसवे ओघळण्याचे, आणि क्रियापद म्हणून ते नव्या करारात तेवढ्या एकाच ठिकाणी आले आहे. तो मरीयेला रडताना पाहतो आणि मग त्याला रडू येते. लाजराची कबर पुढच्या क्षणी उघडणार आहे हे त्याला माहीत असले, तरी मरीयेचे गेले चार दिवस खरेच होते. उलट यरुशलेम शहर पाहून तो रडला, असे लूक सांगतो तेव्हा पहिले, मोठ्याने रडण्याचे क्रियापद वापरतो. ते शहर इ. स. ७० मध्ये रोमी सैन्याने जमीनदोस्त केले. जैतुनांच्या डोंगरावर त्या जागेची आठवण म्हणून १९५५ साली बांधलेले चर्च आसवाच्या थेंबाच्या आकाराचे आहे, आणि त्याच्या वेदीवर पिलांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीचे चित्र आहे. ज्या शहराने पंखांखाली यायचे नाकारले, त्याच्यासाठी तो मोठ्याने रडला. जो हाक मारताच बाहेर येणार होता, त्याच्यासाठी डोळ्यांत पाणी आले. आपल्या प्रश्नाचे उत्तर ह्या फरकात सापडेल असे वाटते.

प्रश्न : मी एका मोठ्या रुग्णालयात परिचारिका आहे. पहिली काही वर्षे प्रत्येक रुग्णासाठी रडत असे. आता कोणी गेले तरी काही वाटत नाही. चादर बदलते आणि पुढच्या खाटेकडे जाते. घरी आल्यावर मात्र झोप लागत नाही आणि घास उतरत नाही. ‘शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा’ हे वचन आमच्या चर्चच्या भिंतीवर लावले आहे. ते पाहिले की अपराधी वाटते. माणसे कमी म्हणून दोन वर्षांत मी सलग रजाही घेतलेली नाही. — एक भगिनी, परळ

उत्तर : सप्रेम सलाम. ते वचन रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायातले आहे, आणि त्याच अध्यायात थोडे आधी एका शरीराचे अनेक अवयव असल्याचे सांगितले आहे. ती आज्ञा सगळ्या मंडळीला मिळून आहे. एका परिचारिकेने तीस खाटांचा शोक एकटीने करावा, असे त्यात लिहिलेले नाही. आपल्या मंडळीतल्या किती जणांनी आजवर आपल्याजवळ बसून आपले ऐकून घेतले, हा प्रश्न त्या भिंतीने मंडळीला विचारायला हवा.

शोकाला मर्यादा असते हे शास्त्राला चांगले ठाऊक आहे. शमुवेल शौल राजासाठी शोक करीत राहिला, तेव्हा देवाने त्याला विचारले की, तू कोठवर शोक करणार? शिंगात तेल भर आणि निघ. दावीद राजा, बंड करून लढाईत मारल्या गेलेल्या आपल्या मुलासाठी, अबशालोमासाठी, वेशीवरच्या खोलीत रडत बसला, आणि त्याच्यासाठी जीव धोक्यात घातलेले शिपाई हरल्यासारखे चोरपावलांनी शहरात शिरले. सेनापती यवाबाने त्याला जे सुनावले ते कठोर होते, आणि यवाब काही सज्जन माणूस नव्हता. पण राजाने उठून वेशीत बसावे हे त्याचे म्हणणे बरोबर होते. मुलेबाळे आणि सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर न बोलता बसले. त्यांनी ईयोबासाठी केलेली सर्वांत चांगली गोष्ट तीच. तोंड उघडल्यावर सगळे बिघडले. आपण रात्रपाळीत एखाद्या खाटेशी दोन मिनिटे न बोलता उभ्या राहत असाल, तर त्याला काही न वाटणे म्हणू नये.

मार्कच्या सहाव्या अध्यायात, पाच हजारांना जेवू घालण्याच्या जरा आधी, एक वाक्य आहे : येणारेजाणारे इतके होते की शिष्यांना जेवायलाही सवड मिळेना, तेव्हा येशूने त्यांना एकान्ती चलून थोडा विसावा घ्यायला सांगितले. कळवळ्याचे प्रसिद्ध वचन त्यानंतर येते.

आपली झोप आणि भूक गेली आहे, ही गोष्ट मी शास्त्राच्या वचनांनी झाकणार नाही. हे शरीराचे आणि मनाचे दुखणे आहे. आपण स्वतः ह्या क्षेत्रात असल्यामुळे ते आपल्याला माझ्यापेक्षा अधिक कळते, आणि तरी आपण टाळत आहात. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येते. रुग्णालयातल्या सहकाऱ्यांकडे बोलायचा संकोच वाटत असेल तर तेथून सुरुवात करा.

एलीया संदेष्टा रानात रतामाच्या झुडपाखाली बसून ‘आता पुरे’ म्हणाला आणि झोपी गेला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे ठेवले आणि जागे केले. एलीयाने खाल्ले आणि तो पुन्हा झोपला. देवदूताने त्याला पुन्हा उठवून खायला लावले. होरेब डोंगराचा प्रवास, तेथला देवाच्या मंद वाणीचा प्रसंग, पुढची कामे, हे सगळे त्या दुसऱ्या जेवणानंतरचे आहे. रजेचा अर्ज ह्याच आठवड्यात द्या, आणि तो मंजूर झाला की नाही ते मला दोन ओळींत कळवा.